कालवल्याशिवाय नाही

परवा नातवाच्या दुधाच्या डब्यातला मापाचा चमचा हरवला, तर आमच्या घरात सकाळपासून शोधाशोध. सून रडकुंडीला आली, मुलगा दुसरा डबा आणायला निघाला. मी आपली कोपऱ्यात बसून होते. माझ्या कानात एक जुना, खरखरीत आवाज म्हणत होता, "काहून बाई, हाताले मूठ नाई का?" इतकी वर्षं झाली, तरी हा आवाज मला स्वस्थ बसू देत नाही. याचा मला खरं सांगायचं तर रागच येतो.

तो आवाज कौसाबाईंचा. त्यांच्याबरोबर मी पाच वर्षं काम केलं आणि त्या पाच वर्षांतले निदान चार वर्षांचे दिवस मी त्यांच्यावर चिडलेली होते. माणसाने बरोबर असावं, नाही असं नाही. पण रोज उठून बरोबर असू नये. शेजारच्याला जगणं नकोसं होतं.

मी अमरावतीची. वडिलांकडे भिक्षुकी, काका वकील, घरात मीच पहिली नोकरी करणारी. ग्रामसेविका म्हणून मला बाळापूरहून पातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात नेमलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि मला पत्रं पाठवतात. गावाच्या कडेला दोन खोल्यांचं आरोग्य केंद्र होतं. आठवड्यातून दोनदा बाळापूरहून डॉक्टर येत. एरवी तिथं मी, औषधांचं एक कपाट, परदेशी अक्षरं छापलेली दुधाच्या भुकटीची पोती, आणि कौसाबाई.

कौसाबाई म्हणजे केंद्रावरची आया. झाडणं, पाणी उकळणं, सुया उकळणं आणि लहान लेकरांसाठी दूध तयार करणं हे त्यांचं काम. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पन्नाशीच्या आसपास. नऊवारी लुगड्याचा ओचा कायम वर खोचलेला, दाढेखाली तंबाखू. त्या बौद्ध वस्तीतल्या. दीक्षेच्या वर्षी घरातले सगळे देव टोपलीत भरून त्यांनी नदीत सोडले होते. ही गोष्ट त्या मला, आज भाजी कोणती केली हे सांगावं तशा सांगत. "आता कोनाले भ्याचं काम नाई," असं पुढे जोडत. भीत त्या आधीही नसाव्यात, असा माझा संशय आहे.

लिहिणं-वाचणं त्यांना येत नव्हतं. पण गावातलं पाच वर्षांखालचं प्रत्येक लेकरू त्यांना हाताच्या मापाने ठाऊक होतं. त्यांच्या कमरेला पितळेचं एक लहान कडं बांधलेलं असे. लेकराच्या हातात ते सरकवायचं. कोपरापाशी अडलं तर ठीक, कोपर ओलांडून वर चढलं तर लेकरू वाळत चाललं आहे असं समजायचं. हे त्यांना कोणी शिकवलं, विचारलं तर म्हणत, "पोटच्या तिघाइनं." त्यांची तीन मुलं लहानपणीच गेली होती. डॉक्टरांनी मला वजनाचा काटा दिला होता, तक्ता दिला होता. काटा महिन्यातून दोनदा बिघडायचा. कडं कधी बिघडलं नाही, आणि हे त्या मला दर खेपेला सांगत.

मी रुजू झाले तेव्हा पद्धत अशी होती, की भुकटीच्या आठवड्याच्या पुड्या बांधून आयांना घरी द्यायच्या. मी कागद चौकोनी कापून, नावं घालून नेटक्या पुड्या बांधल्या. आया आनंदाने घेऊन गेल्या. कौसाबाई दारात बसून तंबाखू मळत नुसत्या पाहत होत्या. दोन दिवसांनी दुपारी चारच्या सुमाराला त्या म्हणाल्या, "चाला बाई, तुमची लेकरं दाखोतो." मला वाटलं, घरभेटी. त्यांनी मला सरळ एका ओसरीपुढे नेऊन उभं केलं. आत पाचसहा बाप्ये पांढराशुभ्र, दाट चहा पीत बसले होते. त्यातल्या भरघोस मिशांच्या गृहस्थाकडे बोट करून कौसाबाई म्हणाल्या, "हे पाहा बाई, तुमचं दूधपितं बाळ. आंग कसं भरून राहिलं."

ते गृहस्थ ग्रामपंचायतीचे सदस्य होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. परत येताना मी कौसाबाईंना चांगलं फैलावर घेतलं. हे बोलायची काही रीत असते, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, "रीत मले काय सांगता? त्याच्या पोटात गेलं ते लेकराच्या पोटातून काहाडलं. ते सांगाची कोनती रीत हाये, ते सांगा."

दुसऱ्या दिवसापासून पुड्या बंद. सकाळी आठला जर्मनचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर चढे. पाणी उकळून कोमट झालं की कौसाबाई त्यात भुकटी घालून लाकडी रवीने घुसळत, आणि लेकराने तिथंच, त्यांच्या डोळ्यांदेखत वाटी रिकामी करायची. कोणी आई म्हणाली, "घरी नेतो, निजलं हाये पोट्टं," तर उत्तर ठरलेलं: "कालवल्याशिवाय नाई."

माशाच्या तेलाची कथा तर सांगायलाच नको. लेकरांना रात्री दिसेनासं होतं, त्यावर ते चमचाभर द्यायचं. मी शहाणपणाने आयांना सांगितलं, हे शक्तीचं तेल आहे. गावात माळकरी घरं बरीच. सगळं सुरळीत चाललं होतं. एका आईने सहज विचारलं, "वास कायचा येते?" मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "माशाचा. डॉक्टर म्हन्तात, समुद्रात लय मोठा मासा असते. मानूस खाते." त्या दिवशी माळकरी घरांतलं एकही लेकरू थांबलं नाही. मी डोक्याला हात लावला. "खोटं सांगून पाजलं अन् उद्या कयलं, त दूधबी नाई पेनार," असं त्यांचं म्हणणं. महिनाभराने त्यातल्या चौघीजणी, लेकरं दिवेलागणीला भिंतींवर आदळायला लागल्यावर, आपणहून तेल मागायला आल्या. कौसाबाईंनी त्यांना पुन्हा एकदा माशाची सगळी हकीकत ऐकवली आणि मगच चमचा पुढे केला. आता काय म्हणावं अशा बाईला?

पण खरी अडचण तेलाची नव्हती, दुधाची होती. कालवलेलं दूध सुरू झालं आणि निम्म्या गावाने येणं बंद केलं. का, ते कोणी बोलेना. एकीचं लेकरू झोपलेलं असे, एकीच्या लेकराला दूध गरम पडे, एकीच्या लेकराला हागवण लागे. कारण मला ठाऊक होतं. मी भिक्षुकाच्या घरची, मला नाही तर कोणाला ठाऊक असणार? कोरडा शिधा कोणाच्याही हातचा चालतो. दाणे, पीठ, गूळ, भुकटी. त्याला पाणी लागलं की मात्र हात कोणाचा ते पाहायचं. कौसाबाईंच्या हातची कोरडी भुकटी सगळ्या गावाला चालत होती. त्यांनी पाणी घातलं की ती फक्त त्यांच्या वस्तीला आणि आणखी दोनचार गरीब घरांना चाले.

मी म्हटलं, "कौसाबाई, मी कालवते. तुम्ही वाट्या धुवा. सगळी लेकरं येतील."

"काहून? माहा हात तुटला का?"

"हाताचा प्रश्न नाही हो. लेकरांचा आहे."

"तुमी सुटीवर गेल्या का मंग लेकराइनं उपाशी राहाचं?" आणि मग, रवी न थांबवता, "अन् आमच्या वस्तीतल्या लेकरायच्या माया रोज इथी येतात. आज मी हात काहाडून घेतला, त त्याइले काय सांगू? माहा हात खराब हाये म्हून सांगू?"

उत्तर नसलं की मला फार संताप येतो. डॉक्टरांकडे तक्रार गेली, डॉक्टरही मला म्हणाले, "समजावा हो तिला." समजावा म्हणे. मी तासन् तास समजावलं. भिंतीला समजावलं असतं तर निदान चुना तरी पडला असता.

अशातच पाटलांच्या घरच्या शकीचं प्रकरण उद्भवलं. शकी दीड वर्षाची. तिची आई विमल पुन्हा पोटुशी, अंगावरचं दूध आटलेलं, आणि पोर भाकरीचा तुकडा चघळायची तेवढीच. सासू पाटलीणबाई करारी. त्यांच्या शब्दाबाहेर घरातलं मांजर जात नव्हतं. विमल नदीवर धुणं धुवायला आली असताना कौसाबाईंनी ते पितळी कडं तिच्या हातात दिलं आणि तिलाच ते पोरीच्या हातात चढवायला लावलं. कडं कुठंही न अडता बगलेत जाऊन थांबलं.

"पाहालं?" कौसाबाई म्हणाल्या. "दूध नाई भेटलं त दिवाई नाई पाहात हे पोट्टी."

विमल तिथंच दगडावर बसून रडायला लागली. मी कौसाबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, पोर दिवाळी पाहणार नाही असं दोन जिवांच्या बाईला सांगतात का? तर म्हणाल्या, "मंग कवा सांगाचं? मेल्यावर?"

मी त्या रागातच एक गोष्ट केली. कौसाबाईंच्या नकळत मी भुकटीची पुडी बांधली आणि पाटलांच्या मागच्या दाराने विमलला नेऊन दिली. कशी कालवायची, किती वेळा पाजायची, सगळं तिला घोकून घ्यायला लावलं. दर आठवड्याला मोठी पुडी. मला वाटलं, चला, त्या बाईच्या हट्टापायी जाणारं एक लेकरू आपण वाचवलं. त्या दिवसांत मी स्वतःवर बरीच खूश होते.

तो धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात जावयाला बोलावून गोडधोड खाऊ घालायचं, वाण द्यायचं, ही रीत. पाटलांचे जावई धामणगावचे, कापसाच्या व्यापारातले, मोठं प्रस्थ. त्यांच्या पंगतीच्या दिवशी मलाही आवर्जून बोलावणं आलं. भिक्षुकाघरची सेविकाबाई म्हणून मला मानाने आत बसवलं. स्वयंपाकाला त्यांनी खास ब्राह्मणाची बाई लावली होती, त्यामुळे माझी जेवायची अडचण नव्हती. अनारसे झाले, आणि मग वाटीत बासुंदी आली. दाट, वेलदोडा घातलेली. जावयांनी तीन वाट्या घेतल्या. मी दोन. मी मोकळ्या मनाने म्हटलं, अशी बासुंदी अमरावतीतसुद्धा खाल्ली नाही.

विमल वाढत होती. ती माझ्या कानाशी वाकली आणि कौतुकाने म्हणाली, "बाई, तुमच्याच भुकटीची हाये. चारी हप्त्यांची सासूबाईनं जमा करून ठेवली होती."

शकी ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. तिच्या ओठांवर माशा बसत होत्या आणि त्या हाकलायला तिचा हात उचलला जात नव्हता. मी हात धुतले आणि घरी येऊन भडाभडा ओकले. पण ओकून काय होणार होतं? लेकराचं दूध मी खाल्लं होतं, वर त्याची तारीफ केली होती.

दुसऱ्या दिवशी मी कौसाबाईंना सगळं सांगितलं. सांगताना रडले. वाटलं होतं, त्या ओरडतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गोड झाली होती का?"

मी आजतागायत इतकं वाईट काही ऐकलेलं नाही.

त्या दिवशी केंद्रावरचं काम आटोपून कौसाबाईंनी फडक्यात भुकटी बांधली आणि पाटलांच्या अंगणात, गोठ्याच्या बाजूला निंबाखाली जाऊन बसल्या. मी त्यांच्या मागोमाग गेले. पाटलीणबाई ओसरीवर आल्या.

"इथी काहून बसली वं कौसे?"

"लेकराचं दूध घिऊन आली."

"ठिव तिथी. कोरडंच ठिव."

"कोरडं जावयाले जाते, पाटलीनबाई. पानी तुमचं, भांडं तुमचं, हात माहा. कालवल्याशिवाय नाई."

पाटलीणबाई जे बोलल्या ते मी लिहीत नाही. कौसाबाई तासभर बसल्या आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा. गावातली रिकामी माणसं समोरच्या पारावर येऊन बसू लागली. मी कौसाबाईंना हात जोडून म्हटलं, या एका लेकरापुरतं मला कालवू द्या, ते मरतंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा दगडासारखा नव्हता. "मले दिसून नाई राहिलं का?" त्या म्हणाल्या. "पन बाई, हे कालवलं तुमच्या हातानं, त उद्या तुमची बदली होईन. मंग पुढच्या लेकराचं काय?" तो नुसता हट्ट असता तर मी भांडले असते. त्यांना दिसत होतं, त्यांनाही भीती वाटत होती, आणि तरी त्या बसून होत्या. मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला, की मी तिथून निघून आले.

पाचव्या दिवशी विमल बाहेर आली. मी नंतर तिला विचारलं, धीर कसा झाला? म्हणाली, "बाई, सकायपासून लेकरू रडूनच नाई राहिलं." ती एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात उकळलेल्या पाण्याचा, वर वाटी पालथी घातलेला तांब्या घेऊन सरळ निंबाखाली येऊन बसली. ओसरीवरून सासू ओरडत होती. बसताना तांब्यातलं पाणी विमलच्या लुगड्यावर सांडलं. कौसाबाईंनी मूठ मोजून भुकटी घातली, घुसळली आणि वाटी तिच्यापुढे सरकवली. शकीने पहिला घोट बाहेर काढला, दुसरा काढला, तिसरा गिळला. वाटी रिकामी व्हायला पाऊण तास लागला. कौसाबाई शेवटच्या थेंबापर्यंत बसल्या.

मग पाटलीणबाई आल्या. त्यांनी तो तांब्या आणि ती वाटी काठीने ओढत नेली आणि सगळ्यांदेखत जाळात टाकली. विटाळलेलं भांडं विस्तवातून काढायचं, ही रीत. कौसाबाई उठल्या, लुगडं झटकलं. "उद्या येतो," म्हणाल्या.

हे दोन महिने रोज चाललं. रोज दूध, रोज वाटी रिकामी, रोज भांडं जाळात. तांब्या काळाठिक्कर पडला. मला ते बघवेना. एकदा वाटेत मी विचारलं, "तुम्हाला काही वाटत नाही का हो?"

"वाटते ना. काहून नाई वाटीन?" त्या म्हणाल्या. थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, "पन मी भांड्याले पाजाले नाई जात."

दिवाळीत कडं शकीच्या कोपरापाशी अडलं. ती ओसरीवरून अंगणात उतरून कोंबड्यांच्या मागे धावायला लागली. पाटलीणबाईंनी गावभर सांगितलं, की बाळापूरहून आणलेल्या अंगाऱ्याने पोर उठली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कौसाबाईंना त्याचं काहीच नव्हतं. "मानू दे अंगाऱ्याले. अंगारा कालवून पेते का पोट्टी?" असं म्हणून त्या खो खो हसल्या. हसताना मी त्यांना पाहिलं ते बहुधा तेव्हाच.

गाव बदललं असं मी म्हणणार नाही. तीनचार घरच्या बाया हळूहळू यायला लागल्या, लेकरू पदराखाली झाकून, मागच्या वाटेने. बाकीची आली नाहीत. त्यांतली दोन लेकरं पुढच्या उन्हाळ्यात गेली. कौसाबाई दोघांच्याही दारात जाऊन बसल्या होत्या. तिथं कोणी विमल निघाली नाही. आणि मला त्या शेवटपर्यंत कोणत्याही भांडणात ऐकवत राहिल्या, "तुमच्या दयेपायी शकीचा महिना गेला." खरं होतं. खरं असलं तरी किती वेळा ऐकायचं?

पुढे माझी बदली झाली. सकाळी साडेआठच्या मोटारीने निघायचं होतं, म्हणून मी साडेसातलाच कौसाबाईंच्या घरी निरोप घ्यायला गेले. पाच वर्षांत त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जात होते. शेणाने स्वच्छ सारवलेली एक खोली. वस्तीतल्या चारपाच बाया आलेल्या. मला पोत्यावर बसवलं. कौसाबाईंनी चहा केला, सगळ्यांना दिला. मग फळीवरून एक नवी कोरी कपबशी काढली. ती माझ्यासाठीच आणली होती, हे न सांगता कळत होतं. ती त्यांनी पदराने पुसली, आणि ओतायच्या आधी माझ्याकडे पाहिलं.

"तुमाले चहा चालते का, बाई?"

त्यांना रागही नव्हता, टोमणाही नव्हता. लेकरू घेऊन उभ्या असलेल्या आयांना त्या विचारत, तसंच सरळ विचारत होत्या. पाच वर्षं मी केंद्रावर माझं पाणी घरून नेत होते. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. बाकी सगळं बोलून दाखवणाऱ्या बाईने एवढंच सोडलं होतं.

मी म्हटलं, "नको कौसाबाई. सकाळी चहाने मला पित्त होतं."

"हो," त्या म्हणाल्या. ज्यांच्या लेकरांना दूध गरम पडायचं, त्या बायांनाही त्या असंच "हो" म्हणत. त्यांनी कपबशी परत फळीवर ठेवली. मग उठून ओचा खोचला, लेकरं यायची वेळ झाली म्हणाल्या, आणि मला तिथंच बसलेली सोडून केंद्राकडे निघून गेल्या.